हमीभाव ८,११०, मग घरचा कापूस ६,८०० नं का गेला?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. रोज सकाळी शेतावर जाताना तो बातम्यांचा पॉडकास्ट ऐकतो. २०२५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यात कापूस वरचेवर आला. हमीभाव ८,११० झाला, आयात शुल्क काढलं, अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं, नागपूरजवळ कर्जमाफीसाठी महामार्ग अडवला. एवढी चर्चा झाली आणि त्याच्या वडिलांनी नोव्हेंबरात घरचा कापूस ६,८०० रुपये क्विंटलनं विकला. तो विचारतो, "हमीभाव आहे तर आम्हाला मिळत का नाही? आयातीमुळे, व्यापाऱ्यामुळे की आमच्याच चुकीमुळे? आणि पुढच्या हंगामात काय करायचं?"

भाऊ, माझी उभी नोकरी कापसाची प्रतवारी करण्यात गेली. गाडीत कोपरापर्यंत हात घालून कापूस काढायचा, धागा पाहायचा, मीटर लावायचं आणि कास्तकाराला होय किंवा नाही सांगायचं, हे माझं काम. तुमच्या वडिलांचा कापूस मी पाहिला नाही, पण ६,८०० वर तो कोणत्या वाटेनं आला असेल ते सांगू शकतो. चूक त्यांची नाही, हे आधी लिहून ठेवतो. आयातीचा वाटा आहे, व्यापाऱ्याचाही आहे. पण सगळ्यात मोठं कारण हे की हमीभाव जाहीर होतो पेरणीआधी, आणि त्या दरानं कापूस घेणारा सरकारी खरेदीचा काटा आपल्याकडे जोरात चालू होतो तो गरजवंताचा पहिला वेचा विकून झाल्यावर. भाव कागदावर सहा महिने आधीपासून असतो. घेणारा वेळेवर नसतो.

हमीभाव म्हणजे नेमकं काय, ते दोन वाक्यांत. उसाच्या एफआरपीला, म्हणजे कारखान्यानं द्यायच्या किमान दराला, कायद्याचा आधार आहे, कापसाच्या व्यापाऱ्याला हमीभाव द्यायला लावणारा तसा कायदा नाही. सरकार फक्त एवढंच म्हणतं की या दराला आम्ही घेऊ, आणि सरकारतर्फे घेणारी संस्था म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, आपलं सीसीआय. २०२५-२६ साठी कृषिमूल्य आयोगानं मध्यम धाग्याचा खर्च ५,१४० रुपये धरला, त्याची दीडपट ७,७१०. लांब धाग्याला ४०० जास्त, म्हणून ८,११०. या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज नाही. शेतकरी संघटना मागतात ती दीडपट ते धरून आहे. शिवाय हा साऱ्या देशाचा सरासरी खर्च आहे. आपल्या कोरडवाहू पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या पिकाचा, उतारा कमी, म्हणून क्विंटलमागचा खर्च या सरासरीत बसत नाही. म्हणजे पूर्ण ८,११० मिळाले तरी फार काही मिळालं असं नाही, आणि तेही मिळत नाहीत.

आता व्यापाऱ्याचा हिशेब. हा पॉडकास्टवर क्वचितच कुणी सांगतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिनिंगवाला, म्हणजे कापसातून बी वेगळं काढणारा कारखानदार, तुमच्याकडून कापूस घेतो, पण विकतो रुई (बी काढलेला कापूस) आणि सरकी (कापसाचं बी). एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचा बाजार खंडीवर चालतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडीचा भाव ५३,००० आहे. किलोला सुमारे १४९ रुपये पडले, ३४ किलोचे ५,०६० च्या आसपास झाले. सरकी ३४ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,१७६. बेरीज ७,२३० च्या आसपास. यातून जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वाहतूक आणि त्याचा नफा काढा, फाटकावर तो ६,९५० पर्यंत बोलतो. गावात येऊन खेडा खरेदी करणारा त्यातून आपली गाडी, आपला माणूस आणि ओलाव्याची जोखीम काढतो. राहिले ६,७०० ते ६,८००. तुमच्या वडिलांचा आकडा इथून आला असावा.

म्हणून भावाचा अंदाज बांधायचा तर रुईसोबत सरकीकडेही डोळा ठेवा. खंडी २,००० रुपयांनी उतरली तर कापूस क्विंटलमागं १९० रुपयांनी पडतो. सरकी किलोला फक्त चार रुपयांनी उतरली तर अडीचशेनं पडतो. ढेप (सरकीची पेंड) आणि सरकीच्या तेलाचा बाजार ढिला पडला की आपला कापूस पडतो, आणि गावात मात्र सगळे अमेरिकेचं नाव घेत बसतात.

अमेरिकेचं आणि आयातीचं नाव अगदी खोटंही नाही. कापसावर ११ टक्के आयात शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पापासून होतं. अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, कापड उद्योगाला त्याची झळ बसणार हे दिसत होतं. त्याआधी आठवडाभर, १९ ऑगस्टला, केंद्रानं शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. तारखा पाहा. आपल्याकडे सीतादही (वेचणीच्या मुहूर्ताची शेतातली पूजा) होऊन वेचणी लागते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे नवा कापूस घरात यायच्या वेळीच बाहेरची रुई बिनशुल्क यायला मोकळी होती. ज्या गिरणीनं बाहेरचा माल ठरवून ठेवला, तिला नोव्हेंबरात घाई कसली? सीसीआयनंही आपल्या जुन्या साठ्यातल्या रुईचे विक्रीदर तेव्हा खाली आणले. खंडी नरमली, जिनिंगवाल्यानं हात आखडला. कापड उद्योगाची अडचण खरी होती, हे मी मान्य करतो. पण त्याला आधार देण्याची किंमत नेमक्या आवकेच्या हंगामात कापूसवाल्यानं मोजावी, हा निर्णय मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो.

तरी एक लक्षात घ्या. शुल्क निघालं म्हणून सीसीआयच्या काट्यावरचा ८,११० एक रुपयानंही कमी झाला नाही. फटका बसला तो त्या काट्यापर्यंत न पोचलेल्यांना. तेव्हा खरा प्रश्न हा की आपल्याकडचे इतके लोक तिथपर्यंत का पोचत नाहीत.

पहिलं कारण ओलावा. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतं. ८,११० धरा: ९ टक्क्यांना ८,०२८ रुपये ९० पैसे, १० ला ७,९४७.८०, ११ ला ७,८६६.७०, १२ ला ७,७८५.६०. बारावर गेला की नाकारला. दवात वेचलेला, लगेच गंजी मारलेला पहिला वेचा १५-१६ टक्के सहज दाखवतो, आणि २०२५ मध्ये तर पावसानं बोंडं झाडावरच भिजवली.

आता काट्यावर काय होतं ते पाहा. सीसीआयचं केंद्र असतं खाजगी जिनिंगच्या आवारात. कास्तकार मध्यरात्री भाड्याची पिकअप भरतो, पहाटे फाटकाच्या रांगेत लागतो. नंबर दुपारी येतो. ग्रेडर मीटरची सळई गाडीत वर, मध्ये, तळाला खुपसतो. वरचा कापूस वाऱ्यानं सुकलेला असतो, तिथे ११ येतात. तळाशी, जिथे पोरांनी रात्री पायानं दाबून भरलंय, तिथे १४. गाडी बाजूला काढा म्हणतात. आता परत न्यायची तर भाडं दुप्पट, उतरवायची हमाली वेगळी, घरी वाळवायला जागा नाही. त्याच आवारात जिनिंगवाल्याचा माणूस उभा असतो. तो विचारतो, काय झालं काका, नाही घेतला? आणि ६,७०० नं तीच गाडी त्याच आवारात खाली होते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कुणी "शेतकरी केंद्रावर येतच नाहीत" म्हटलं की मला राग येतो. येतात. आणून, अडकून, हरून जातात.

यावर उपाय घरी आहे आणि त्यात पैसा आहे. हिशेब मांडून दाखवतो. १६ टक्के ओलाव्याचा दहा क्विंटल कापूस जागेवर ६,८०० नं दिला तर ६८,००० मिळाले. तोच वाळवून १० टक्क्यांवर आणला तर वजन घटून साधारण ९.३३ क्विंटल राहील. लोक या घटीला भितात. पण ९.३३ ला ७,९४७.८० नं गुणा, ७४ हजारांच्या वर जातात. लांब धाग्याची प्रत लागली तर घट जाऊनही सहा हजार जास्त आले. प्रत थोडी खाली लागली तर फरक कमी होईल, पण उरेल.

वेचणी दव उतरल्यावर सुरू करा, बाया सकाळी सातला आल्या तर तासभर दुसरं काम काढा. वेचलेला कापूस ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन उन्हं द्या आणि दुपारी एकदा उलथा. सरकी दाताखाली धरा: कट्ट फुटली तर वाळली, चेपली तर अजून ओल आहे. पहिला वेचा, दुसरा वेचा आणि फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पऱ्हाटीचा कापूस) एकत्र करू नका. कवडी, म्हणजे किडका, नीट न उमललेला कापूस, तर वेगळ्याच पोत्यात. एक पोतं कवडी मिसळली तर सगळ्या गाडीची प्रत उतरते. फरदड घेऊच नये हे माझं मत, गुलाबी बोंडअळी त्याच पऱ्हाटीत पुढच्या वर्षासाठी दबा धरते. आणि ओलावा मापायचं मीटर गावात असू द्या. शेतकरी गटानं किंवा ग्रामपंचायतीनं एक घेतलं तर गाडी भरण्याआधीच आकडा कळेल, भाड्यात घातलेले पैसे वाचतील.

हे सगळं तुमच्या वडिलांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. ते थांबू शकले नाहीत, कारण वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. किलोला दहा रुपयांच्या पुढे दर गेलाय, म्हणजे क्विंटलमागं हजार रुपये विकण्याआधीच खिशातून जातात. कृषी केंद्राची उधारी दिवाळीला मागतात. दोन खोल्यांच्या घरात कापूस भरून ठेवला तर लेकरांच्या अंगाला खाज सुटते आणि चुलीजवळ आगीची धास्ती. अशा घराला "थांबा, भाव वाढेल" असा सल्ला द्यायला मला जड जातं. त्यापेक्षा हे पाहा: तुमच्याकडे सोयाबीन असेल तर ते ऑक्टोबरात निघतं. तुमची बाजार समिती शेतमाल तारण योजना चालवत असेल तर सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्के व्याजानं रक्कम उचलता येते. त्या पैशात वेचणी भागवा आणि कापूस वाळवायला दिवस मिळवा. कापसाला जागा लागते, जोखीम असते, म्हणून तारण ठेवायला सोयाबीन, तूर, हरभराच बरा.

दुसरं कारण नोंदणी. २०२५-२६ पासून सीसीआयनं कपास किसान ॲपवर आधी नाव नोंदवणं लावलं. सप्टेंबरात सुरू झालं, मुदती वाढत गेल्या. सातबारा, ई-पीक पाहणीत कापसाची नोंद, आधारला जोडलेलं खातं आणि मोबाइल, यातलं एक जरी अडलं तरी काट्याचा नंबर मिळत नाही. त्यावर एकरी किती घ्यायचा याची मर्यादा. व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या नावानं शिरू नये म्हणून हे केलं, हेतू मला पटतो. पण आपल्याकडे जमीन एकाच्या नावावर आणि पऱ्हाटी दुसऱ्याची, हे प्रत्येक गावात आहे. मक्त्यानं, बटईनं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं किंवा वाट्यानं करणारा काय करेल? १९५८ चा विदर्भाचा कुळवहिवाट कायदा आठवून, कसणारा कुळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या धास्तीनं, मालक कागद करून देत नाही. नोंदणी मालकाच्या नावावर, पैसे मालकाच्या खात्यात, आणि बटईवाला त्याच्या दारात. तो सरळ खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो.

हीच गत नवरा गेल्यावर शेती ओढणाऱ्या बाईची. वारस म्हणून फेरफार झालेला नसतो, सातबाऱ्यावर सासऱ्याचं नाव. वेचणी, खुरपणी सगळी बायांच्या हातची, आणि विक्रीच्या कागदावर बाईचं नाव शोधून सापडत नाही. महिलांच्या योजनांवर चर्चा होते तेव्हा मी वाट पाहतो की कुणी सातबाऱ्याचं विचारेल. तुमच्या ओळखीत अशी बहीण असेल तर तिचा फेरफार एप्रिल-मेमध्येच मार्गी लावा, ऑगस्टपर्यंत टांगू नका.

तिसरं कारण, आणि ज्यावर आपण बोलायला हवं ते, केंद्र कधी उघडतं. खरेदी केंद्रं दिवाळीआधी सुरू व्हावीत यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करावी लागते, यातच सगळं आलं. ज्याला पैशाची घाई नाही, ज्याच्याकडे गोदाम आहे, तो जानेवारीत वाळलेला कापूस आणतो आणि पूर्ण भाव घेतो. लहान कास्तकार ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोकळा होतो. सीसीआयची एकूण खरेदी कितीही मोठी दिसली तरी त्यात पहिल्या दोन महिन्यांत पाच एकरांच्या आतले किती होते, हे कुणी विचारत नाही. पॉडकास्टवाल्यांना तुम्ही लिहिणार असाल तर हाच प्रश्न लिहा.

आमच्या आधीच्या पिढीला एकाधिकार खरेदी आठवते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस फक्त सरकारनं, पणन महासंघामार्फत घ्यायचा अशी योजना होती. चुकारे रखडायचे, बाहेर भाव चढला की गाड्या रातोरात सीमेपार जायच्या, तोटा फुगत गेला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. ती योजना जशीच्या तशी परत यावी असं मी म्हणणार नाही. पण गावाजवळ काटा असायचा आणि तो कास्तकाराच्या हक्काचा असायचा, हा तिचा गुण आपण फार लवकर विसरलो.

कर्जमाफीचा विषय तुम्ही काढलात म्हणून एवढंच. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडू यांच्या नागपूरजवळच्या आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत निर्णयाचा शब्द सरकारनं दिला. थकलेल्याला माफी मिळावी या मताचा मी आहे. पण पाच एकरांत एकरी सहा क्विंटल धरले तर तीस क्विंटल होतात. क्विंटलमागं हजार कमी मिळाले तर वर्षाचे तीस हजार गेले. ते दरवर्षी जात राहिले तर माफीनंतर तीन-चार हंगामांत खातं पुन्हा थकणार. म्हणून माफीच्या मोर्च्यात काट्याची मागणीही त्याच आवाजात व्हायला हवी होती, ती मला कमी ऐकू आली.

पुढच्या हंगामासाठी तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. आधार, खातं, मोबाइल आताच तपासा. ई-पीक पाहणी मुदत संपायच्या आधी स्वतः शेतात उभं राहून करा, दुसऱ्याला फोन देऊ नका. नोंदणी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात करा आणि पोच जपून ठेवा. बटईनं करत असाल तर मालकाशी पेरणीआधी बसून ठरवा की सीसीआयचा पैसा खात्यात आल्यावर किती दिवसांत कसा वाटायचा, दोन पंचांसमोर लिहून घ्या, कुळाचा शब्दही न वापरता ते लिहिता येतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: आमच्या तालुक्यातलं केंद्र दसऱ्यापर्यंत उघडावं, आणि नाकारलेल्या गाडीला ओलाव्याच्या आकड्यासह लेखी चिठ्ठी मिळावी. ठरावाची प्रत बाजार समितीला, तहसीलदारांना आणि आमदारांना द्या, पोच घ्या. एका गावाचा ठराव फाइलीत जातो. पंधरा-वीस गावांचे एकाच महिन्यात गेले तर विचारणा होते.

आणि गाडी नाकारली तर त्या आवारात लगेच विकू नका. आधी नाकारल्याचं कारण लिहून मागा, मीटरचा आकडा फोनमध्ये टिपा. आकडा १३-१४ असेल तर आवाराबाहेर जवळपास कुणाच्या खळ्यात दोन दिवस पसरायची सोय आधीच बोलून ठेवलेली असू द्या. केंद्राच्या गावात नातेवाईक नाही असं आपल्याकडे सहसा होत नाही.